तीन गुणांचे मृत्युपत्र

विधी महाविद्यालयात जे विषय शिकवले जातात, त्यांपैकी वकिलाला रोज उठून लागणारा विषय एकच, तो म्हणजे मसुदालेखन. बहुधा म्हणूनच तो अभ्यासक्रमाच्या शेवटाकडे ठेवलेला असतो. वादपत्र, लेखी जबाब, शपथपत्र, जामीन अर्ज, अपील, विक्रीपत्र, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, वचनचिठ्ठी, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र असा या विषयाचा पसारा आहे. बाकीचे विषय कायदा काय म्हणतो ते सांगतात. हा विषय अशिलाचे म्हणणे कागदावर उतरवायला सांगतो आणि विद्यार्थ्याची पंचाईत तिथून सुरू होते, कारण अशील नावाचा प्राणी त्याने तोवर पाहिलेला नसतो.

वर्धा जिल्ह्याला या विद्येचा वारसा आहे, असे म्हणणे थोडे ओढूनताणून होईल; पण अगदीच खोटेही होणार नाही. 1936 साली सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, जे गृहस्थ राहायला आले ते पेशाने बॅरिस्टर होते. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिल्या दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नाही. तीस रुपयांची फी परत करायची तयारी दाखवून त्यांनी दुसरा वकील नेमायला सांगितले. मग एका शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या पंचाहत्तर रुपयांच्या जागेसाठी अर्ज केला, तर पदवी नाही म्हणून तोही नामंजूर झाला. शेवटी राजकोटला जाऊन त्यांनी अर्ज आणि निवेदने लिहून द्यायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याला सरासरी तीनशे रुपये सुटू लागले. मोठ्या भावाच्या भागीदाराची वकिली जोरात चालत असे. त्याची वजनदार कामे बड्या बॅरिस्टरांकडे जात आणि गरीब अशिलांचे अर्ज तेवढे धाकट्याच्या वाट्याला येत, हे आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदलेले आहे. तरी मुद्दा उरतोच. ज्याला कोर्टात बोलता आले नाही आणि शाळेत शिकवायला मिळाले नाही, त्या मोहनदास गांधींना मसुद्याने जगवले. लंडनच्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्या संस्थेने 1922 मध्ये त्यांचे नाव पटावरून काढले आणि 1988 मध्ये पुन्हा चढवले. एका नावाच्या फेरनोंदीला 66 वर्षे लागली, हे सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी खेटे घालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मनाला बरे वाटते.

आता अभ्यासक्रम. भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिलने, 2008 साली केलेल्या कायदेशिक्षणाच्या नियमांत या विषयाची वाटणी दिली आहे. न्यायालयीन मसुद्यांचे किमान 15 नमुने, प्रत्येकी 3 गुण, एकूण 45. दस्तऐवजांचे 15 नमुने, प्रत्येकी 3 गुण, एकूण 45. उरलेले 10 गुण तोंडी परीक्षेला. या वाटणीत समतेचे तत्त्व असे काही पाळले आहे, की राज्यघटनेलाही हेवा वाटावा. अनुच्छेद 226 खाली शासनाला उच्च न्यायालयात खेचणाऱ्या रिट याचिकेला 3 गुण आणि ‘मागाल तेव्हा पैसे परत करीन’ एवढेच सांगणाऱ्या दोन ओळींच्या वचनचिठ्ठीलाही 3 गुण. माणसाच्या आयुष्यभराच्या मिळकतीची व्यवस्था लावणारे मृत्युपत्रसुद्धा 3 गुणांचेच. विद्यार्थी व्यवहारी असतो. तो वचनचिठ्ठी आधी लिहितो.

शिकवण्याचे काम शक्यतो वकिली करणाऱ्या वकिलांच्या किंवा निवृत्त न्यायाधीशांच्या मदतीने व्हावे, असेही नियमात आहे. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द मसुदालेखनाचा उत्तम नमुना असून तो स्वतंत्रपणे शिकवायला हरकत नाही. ज्या वकिलाची वकिली चालते तो अकराला कोर्टात असतो, म्हणून त्याचा तास सकाळी ठेवतात, आणि सकाळी अशील त्याच्या घरी बसलेले असतात. ज्याच्या घरी अशील बसलेले नसतात तो वेळेवर येतो. महाविद्यालयाला वक्तशीर माणूस हवा असतो. विद्यार्थ्यांना कोणता हवा, हे त्यांना कोणी विचारलेले नाही.

तीस नमुने लिहायचे म्हणजे फाइल आली. बहुतेक ठिकाणी ती स्वहस्ताक्षरात मागतात. फाइल लिहिण्याची शास्त्रोक्त रीत अशी: सत्र संपत आले की मागच्या वर्षीच्या एखाद्या सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थिनीची फाइल मिळवायची, आपल्यासमोर उघडी ठेवायची आणि अनुक्रमांक सोडून सर्व उतरवायचे. घाईत अनुक्रमांकही उतरतो. त्या विद्यार्थिनीने ती तिच्या आधीच्या वर्गातून मिळवलेली असते, त्यांनी त्यांच्या आधीच्या. अशी ही गुरुपरंपरा मागे कुठवर जाते याचा थांग लागत नाही. मात्र कातळाच्या थरांवरून जसे पृथ्वीचे वय काढतात, तसे फाइलमधल्या मुद्रांकावरून मूळ फाइलचे वय काढता येते. विसाचा मुद्रांक असलेला थर फार खालचा. शंभराचा अलीकडचा. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या जागी किमान पाचशे रुपयांचे मुद्रांकशुल्क आले, पण फाइलींपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

मुद्रांक जुना राहिला तर फार बिघडत नाही. कलम जुने राहिले तर बिघडते. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. फाइल उतरवणाऱ्याने हे ऐकलेले असते, म्हणून तो कायद्याचे नाव बदलतो आणि कलम तसेच ठेवतो. जुन्या संहितेत अटकपूर्व जामीन 438 मध्ये होता. नव्या संहितेत तो 482 मध्ये गेला आणि 438 मध्ये खालच्या न्यायालयाचे अभिलेख मागवून पुनरीक्षण करण्याचा अधिकार येऊन बसला. त्यामुळे फाइलमधला अर्जदार अटक टळावी म्हणून हात जोडून उभा राहतो आणि पुनरीक्षण मागून घरी जातो. बरे, जुन्या संहितेत 482 हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचे कलम होते, ते आता 528 झाले आहे. तेव्हा ज्येष्ठ वकिलाच्या तोंडून ‘482 लावून टाक’ असे ऐकले, तर ते कलम ते कोणत्या साली शिकले हे आधी विचारावे. विचारताना अंतर राखावे.

फाइलमधल्या जगाची लोकसंख्या तीन आहे. अ, ब आणि क. अ हा जमीनमालक. तो आयुष्यभर आपली जमीन ब ला विकतो, गहाण टाकतो, भाड्याने देतो आणि बक्षीसही देतो. चारही व्यवहार एकाच सर्वे नंबरात. क हा अतिक्रमण करतो, न वटणारा धनादेश देतो आणि नमुना क्रमांक 12 मध्ये जामीन मागतो. अ चे मृत्युपत्र नमुना क्रमांक 28 वर येते, तरी नमुना 29 मध्ये तो मुखत्यारपत्र करून देतो. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, हे भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 63 सांगते. ते साक्षीदार शेजारच्या बाकावरच बसलेले असतात. साठ जणांच्या वर्गात साठ जण एकमेकांच्या मरणाची तयारी साक्षांकित करून ठेवतात आणि मग चहाला जातात.

तोंडी परीक्षा हा या विषयातला सर्वांत प्रामाणिक भाग. बाहेरून आलेले परीक्षक फाइल चाळतात आणि विचारतात, “तुम्ही लिहिलेल्या वादपत्रात दाव्याचे कारण कुठे आहे?” विद्यार्थी पान उलटतो. परीक्षक म्हणतात, “राहू द्या. कुठे राहता?” दहापैकी सात गुण पडतात.

दाव्याचे कारण शोधायला पान उलटण्यापेक्षा शेतात जावे लागते, ही गोष्ट कोणत्याच फाइलमध्ये नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 6, नियम 2 कमालीचा समंजस आहे: पक्षकथनात महत्त्वाची तथ्ये तेवढी द्यावीत, थोडक्यात द्यावीत आणि पुरावा देऊ नये. हा नियम 1908 पासून पुस्तकात आहे. तो पाळायला अशिलाची हरकत असते. समुद्रपूर किंवा आर्वीकडचा शेतकरी वकिलासमोर बसतो तो आदेश 6 वाचून आलेला नसतो. “साहेब, त्यानं माहा धुरा कोरला,” या वाक्याने तो सुरुवात करतो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध; विदर्भातल्या दिवाणी न्यायालयांचे पोट या धुऱ्यावर भरते. हे पहिले वाक्य तसे आदर्श आहे. प्रतिवादी, कृती, मालमत्ता, सगळे चार शब्दांत आले. पण अशील तिथे थांबत नाही. शेजाऱ्याच्या आजोबांनी सालदाराला कसे फसवले, बैल कोणाचा होता, त्या साली कापसाला भाव किती होता, मधल्या बहिणीच्या लग्नात कोण रुसले, हे सर्व त्याच्या दृष्टीने महत्त्वाचेच तथ्य असते. यातून चार वाक्ये निवडणे हीच खरी परीक्षा आणि तिला अभ्यासक्रमात शून्य गुण आहेत.

पुढची अडचण तारखेची. “केव्हा कोरला?” “तान्ह्या पोयाच्या दिवशी.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरे निघतात तो तान्हा पोळा. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तो पाहायला लांबून माणसे येतात, त्यामुळे अशिलाच्या मनात दिवस पक्का असतो. न्यायालयाला मात्र इंग्रजी तारीख लागते आणि पोळा अमावास्येला बांधलेला. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून पोळा 14 सप्टेंबरपर्यंत लांबला. पुढच्या वर्षी तो 2 सप्टेंबरला आला. अंदाजाने तारीख टाकणाऱ्या नवशिक्याच्या वादपत्रात धुरा कोरण्याची घटना धुरा शाबूत असतानाच घडते. प्रतिवादीचा वकील जुना असला तर तो एवढ्यावरच तीन तारखा काढतो. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कालनिर्णय ठेवावे, ही सूचना यासाठीच विचारात घेण्यासारखी आहे.

वादपत्राला उत्तर म्हणून येतो तो लेखी जबाब. त्याचा साचा ठरलेला: “वादपत्रातील परिच्छेद 1 मधील मजकूर खोटा, बनावट व खोडसाळपणाचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.” हे वाक्य परिच्छेद 1 पासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत आकडा बदलत चालते. परिच्छेद 1 मध्ये बहुधा एवढेच असते, की प्रतिवादी हिंगणघाटचा रहिवासी असून शेती करतो. प्रतिवादी ते नाकारतो. खाली सही करताना पत्ता लिहितो: राहणार हिंगणघाट, धंदा शेती. संहितेने यावर उपाय योजलेला आहे. आदेश 8 प्रमाणे नाकारायचे ते नेमके नाकारावे लागते. गुळमुळीत नकार दिला तर ते कथन मान्य आहे असे धरता येते. पण गुळमुळीत म्हणजे काय हे साच्याला कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात.

तीच गत सत्यापनाची. आपल्या स्वतःच्या माहितीने काय खरे आणि दुसऱ्याकडून कळल्यामुळे काय खरे वाटते, हे परिच्छेदांचे क्रमांक देऊन सांगावे, अशी कायद्याची अपेक्षा. फाइलमध्ये “परिच्छेद 1 ते 12 मधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे” असे लिहिलेले असते आणि वादपत्र नऊ परिच्छेदांत संपलेले असते. उरलेले तीन परिच्छेद न लिहिताच खरे ठरवले जातात. विश्वासाची ही परिसीमा आहे.

दस्तऐवजांकडे वळले की भाषेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात 1998 पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद 348 प्रमाणे इंग्रजीत चालते. त्यामुळे वर्ध्याच्या वकिलाला आपल्या गावी मराठी आणि नागपूर खंडपीठात इंग्रजी लिहावे लागते. दोन्हींच्या मधले अंतर जेमतेम 75 किलोमीटर, पण त्यात पोळ्याची अमावास्या होते आणि धुऱ्याचा ‘बाउंडरी बंड’. विद्यार्थी बरेचदा इंग्रजी पुस्तकातून वाचतो, मराठीत विचार करतो, घरी वऱ्हाडी बोलतो आणि परीक्षेत या सर्वांचे मिश्रण उतरवतो. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश त्याच्या मदतीला आहे. मदत घेऊन तो ‘इंजंक्शन’ऐवजी ‘व्यादेश’ लिहितो आणि अशिलाला समजावताना पुन्हा ‘स्टे’ म्हणतो. अशील समाधानाने मान हलवतो, कारण त्याला स्टेच हवा असतो. ‘मनाई हुकूम’ हा शब्द दोघांच्याही मध्ये उभा असतो, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

एकंदरीत कोर्टाची मराठी फारसीच्या पायावर उभी आहे. वकील, दावा, फिर्याद, जबाब, वारस, जप्ती, मुदत, मुखत्यार, कबुली, सबब हे सारे तिकडचे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राजव्यवहारकोश सिद्ध झाला, तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. साडेतीनशे वर्षांनंतर निकाल पाहता फारसी अपिलात जिंकलेली दिसते. स्थानिक भेदही आहेत. पुण्याकडे ज्याला खरेदीखत म्हणतात, त्याला वर्ध्याकडे विक्रीपत्र म्हणतात. व्यवहार तोच, मुद्रांक तोच. पुणेकर काय पदरात पडले ते लिहितो आणि वर्धेकर काय हातचे गेले ते.

विक्रीपत्राचा मजकूर वाचणे हा फुप्फुसांचा व्यायाम आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. ही सोय दस्तलेखकाइतकी दुसऱ्या कोणीही लुटलेली नाही. मौजा, पटवारी हलका नंबर, सर्वे नंबर, आराजी, आकार, चतुःसीमा, अंगभूत वस्तू, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी वरात पानभर चालते आणि विकले की गहाण टाकले, हे शेवटच्या ओळीत नवरदेवासारखे उगवते. त्यातले ‘निधी’ आणि ‘निक्षेप’ म्हणजे जमिनीत पुरलेले धन आणि ठेवलेली ठेव. दोन एकर कोरडवाहू जमिनीत आजवर पाणीही लागलेले नसते, पण पुरलेले धन मात्र विधिवत हस्तांतरित होते.

त्याच दस्तात आणखी एक वाक्य असते: “हे विक्रीपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणत्याही प्रकारची नशा न करता लिहून देत आहे.” वर्धा हा गांधी-विनोबांच्या नावाने गेली पन्नासएक वर्षे दारूबंदी असलेला जिल्हा. जिथे दारू मिळतच नाही, असे शासनाचे म्हणणे आहे, तिथे जमीन विकणारा प्रत्येक माणूस आपण प्यालेलो नाही असे लिहून देतो आणि दोन साक्षीदार त्याखाली सह्या करतात. हे वाक्य गाळावे, असे आजवर कोणत्याही दस्तलेखकाला वाटलेले नाही. दस्तलेखक अनुभवी असतात.

चतुःसीमांची थट्टा मात्र करू नये. सगळी दस्तविद्या तिथे येऊन ठेपते. नोंदणी अधिनियम 1908 प्रमाणे मिळकत ओळखू येईल असे वर्णन दस्तात असावेच लागते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचे शेत, हे लिहायला पाच मिनिटे लागतात. न लिहिण्याची किंमत मोजायला दोन पिढ्या. विनोबा 1951 साली याच जिल्ह्यातून पायी तेलंगणात गेले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. पुढे देशभर लाखो एकरांची दानपत्रे झाली. त्यांतली कितीतरी जमीन वाटताच आली नाही. काही नापीक निघाली, काही वादात होती, आणि काहींचा ठावठिकाणा कागदावरून लागेना. दात्याचे मन मोठे असते तेव्हा सर्वे नंबर विचारणे अप्रशस्त वाटते. मसुदा लिहिणाऱ्याने अप्रशस्त वागायचे असते, आणि हे त्याला अभ्यासक्रमात कोणीतरी सांगायला हवे.

ते सांगायला वर्ध्याहून योग्य जागा नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी येथील मारवाडी विद्यालयात गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्यातून जी योजना आखली, ती ‘वर्धा योजना’ या नावाने देशभर गेली. तीच नई तालीम. मुलाने हाताने काहीतरी खरे, उपयोगाचे काम करावे आणि त्या कामातून गणित, भाषा, भूगोल शिकावा, असा तिचा गाभा. मसुदालेखनाला ही योजना जशीच्या तशी लागू पडते. सूत कातल्यावर ते तुटते की टिकते, हे लगेच कळते. वादपत्र खऱ्या फायलिंगच्या खिडकीवर नेले की त्याचेही तसेच कळते. विधी महाविद्यालयांनी योजनेतला ‘हाताने’ हा शब्द तेवढा उचलला आणि फाइल स्वहस्ताक्षरात मागितली. योजनेत आणखी एक कलम होते: मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांच्या पगाराला हातभार लागावा. ते विधी शाखेला अद्याप लावलेले नाही. अ ने ब ला लिहून दिलेल्या विक्रीपत्रांना बाजारभाव नसल्यामुळे प्राध्यापकवर्ग या बाबतीत निश्चिंत आहे.

मसुद्याला वेळ किती लागतो, याचा दाखलाही गावातच आहे. काँग्रेस कार्यसमिती जुलै 1942 मध्ये वर्ध्याला बसली आणि इंग्रजांनी भारत सोडावा या ठरावाचा मजकूर ठरवायला तिला कित्येक दिवस लागले. 14 जुलैला तो मंजूर झाला. बसलेल्यांत अनेक जण नामांकित वकील-बॅरिस्टर होते. फाइल जमा करण्याच्या आदल्या रात्री विद्यार्थी पंधरा मसुदे पूर्ण करतो.

प्रत्यक्षात विद्यार्थी मसुदा शिकतो तो पदवीनंतर, ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात किंवा कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली. तिथे अर्जनवीस बसतो. एक टेबल, दोन खुर्च्या, पूर्वी टंकलेखन यंत्र आणि आता संगणक. त्याने विधी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नसते, पण कोणत्या अर्जाला किती रुपयांचे तिकीट, कोणती प्रत कोणाला आणि खिडकीतला कारकून कोणत्या चुकीवर कागद परत करतो, हे त्याला पाठ असते. नवा वकील एलएल.बी.चे प्रमाणपत्र भिंतीवर लावतो आणि पहिले वादपत्र घेऊन हळूच खाली येतो. अर्जनवीस ते वाचतो, काही बोलत नाही, दाव्याचे कारण कोणत्या तारखेला घडले त्या ओळीवर बोट ठेवतो. चहाचे पैसे वकील देतो. हा विषयाचा सर्वांत परिणामकारक तास होय.

ज्येष्ठ वकिलाची रीत वेगळी. ते कनिष्ठाचा मसुदा हातात घेतात आणि लाल पेनाने खोडू लागतात. पहिल्या वर्षी सगळे खोडतात, दुसऱ्या वर्षी निम्मे. तिसऱ्या वर्षी फक्त ‘सबब’च्या जागी ‘म्हणून’ आणि ‘म्हणून’च्या जागी ‘सबब’ करतात. त्यावरून शिक्षण संपत आले असे समजावे.

अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी कायदेशीर लेखनाचा तास असतो आणि मुद्दा, नियम, नियमाचे उपयोजन, निष्कर्ष या चार पायऱ्यांचा ‘आयरॅक’ नावाचा साचा पोरांकडून घोटून घेतात. तिकडच्या लेखनातही ‘नल अँड व्हॉइड’सारखी जोडनावे शतकानुशतके टिकून आहेत, आपल्या ‘मान्य व कबूल’ची ती चुलत भावंडे. आयरॅकची शिफारस आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये एका निकालात केली. निमित्त होते एका उच्च न्यायालयाच्या न कळणाऱ्या निकालाचे. सुनावणीत एका न्यायमूर्तींनी तो वाचल्यावर डोक्याला बाम लावावा लागला असे सांगितले होते. म्हणजे लिहिणे न शिकण्याचा त्रास वरपर्यंत पोचतो आणि बामाचा खर्च कोणाच्याही दाव्याच्या खर्चात धरला जात नाही.

वर्ध्यातला जो विद्यार्थी नागपूर विद्यापीठाची परीक्षा देतो, त्याच्या पदवीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव असते. महाराजांची ग्रामगीता खेड्यातल्या माणसाला ऐकताक्षणी कळावी अशा मराठीत आहे. पदवी हातात पडल्यावर पहिले शपथपत्र लिहिताना विद्यार्थी ‘उपरोक्त नमूद अर्जदार हा येणेप्रमाणे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ अशी सुरुवात करतो. अर्जदार समोर बसलेला असतो. तो विचारतो, “हे मीच म्हणतो आहे ना?”

पदवीनंतर वकिली करायची तर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ती 2011 पासून घेतली जाते. प्रश्न शंभर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि मूळ कायद्याची पुस्तके जवळ ठेवता येतात. प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले असतात. योग्य पर्यायाचे वर्तुळ काळे करायचे. वादपत्र, शपथपत्र किंवा मृत्युपत्र लिहिण्यास सांगणारा प्रश्न नसतो. स्वतःच्या अक्षरात लिहायचे ते नाव, क्रमांक आणि सही.